स्विफ्ट घ्यायची, पण कोणत्या पिढीची?

श्रोतेहो, नमस्कार.

'स्विफ्ट विकणे आहे, सिंगल ओनर, फुल कंडिशन.' अशी जाहिरात तुम्ही शंभरदा वाचली असेल. त्यात एक गोष्ट बहुतेक वेळा नसते, ती म्हणजे नेमकी कुठली स्विफ्ट. 2005 पासून आपल्याकडे या एकाच नावाने चार वेगवेगळ्या गाड्या विकल्या गेल्या आहेत. पहिली मे 2005 मध्ये आली, दुसरी ऑगस्ट 2011 मध्ये, तिसरी फेब्रुवारी 2018 मध्ये आणि चौथी मे 2024 मध्ये. नाव तेच, तोंडवळाही साधारण तोच, पण आतला सांगाडा, इंजिन आणि अपघातात माणूस वाचण्याची शक्यता, हे सगळं निराळं.

लांबून ओळखायची एक सोपी खूण सांगतो. मागच्या दाराचं हँडल बघा. पहिल्या दोन पिढ्यांत ते नेहमीसारखं दारावर आहे. तिसऱ्या पिढीत ते वर, काचेमागच्या काळ्या पट्टीत लपवलंय. नवखा माणूस दार कुठून उघडायचं ते शोधत बसतो. चौथ्या पिढीत ते परत दारावर आलं. म्हणजे हँडल वर दिसलं की गाडी 2018 ते 2024 मधली.

आता पहिल्या पिढीचा विषय लगेच मिटवून टाकू. ही गाडी 2011 मध्ये बंद झाली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी तपासून घ्यायची, फी आणि पर्यावरण कर भरायचा, मग पुढची पाच वर्षं मिळतात. त्या गाडीचं 1.3 लिटरचं पेट्रोल इंजिन दणकट होतं, चालवायला मजा यायची, हे खरं. पण त्याला टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा-मिटणारा पट्टा आहे, तो कधी बदलला याचं बिल क्वचितच कुणाकडे असतं, आणि स्टिअरिंगची खडखड या वयाच्या गाडीत जवळपास ठरलेली. हौस म्हणून घ्यायची तर घ्या. घरची रोजची गाडी म्हणून घेऊ नका.

खरा पेच दुसरी, तिसरी आणि चौथी पिढी यांच्यात पडतो.

दुसऱ्या पिढीत पेट्रोलला 1197 सीसीचं चार सिलिंडरचं के-सिरीज इंजिन आहे. या इंजिनाला बेल्टऐवजी चेन आहे. वेळेवर ऑइल बदललेलं असेल तर ते दोन लाख किलोमीटरपर्यंत फारशी कुरकुर करत नाही. गावाकडचा गॅरेजवालाही डोळे मिटून त्याचं काम करतो, पार्ट तालुक्याच्या गावी मिळतात. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स 170 मिलिमीटर, नंतरच्या दोन्ही पिढ्यांपेक्षा सात मिलिमीटर जास्त. सात मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण चार माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं असताना गावच्या स्पीडब्रेकरवर ते कळतात. डिकी मात्र 204 लिटरची, म्हणजे लहानच.

मग अडतं कुठे? सुरक्षिततेत. 2011 ते 2017 च्या बऱ्याच स्विफ्टमध्ये एअरबॅग नाही आणि जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम न होऊ देणारं एबीएसही नाही. एलएक्सआय आणि व्हीएक्सआय ही खालची मॉडेलं बघताना हे गृहीतच धरा. वरच्या झेडएक्सआयमध्ये दोन्ही मिळतं. शंका असेल तर स्टिअरिंगच्या मधल्या पॅडवर आणि डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर 'एसआरएस एअरबॅग' ही अक्षरं कोरलेली आहेत का बघा. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. दिवा लागतच नसेल, तर बल्ब काढून दोष लपवलेला असू शकतो.

तिसऱ्या पिढीपासून पुढच्या दोन एअरबॅग आणि एबीएस सगळ्या मॉडेलांत आले, अगदी खालच्या एलएक्सआयमध्येसुद्धा. गाडी नव्या, हलक्या सांगाड्यावर बांधली गेली. पेट्रोल मॉडेलचं वजन 855 ते 880 किलोपर्यंत उतरलं, डिकी 268 लिटर झाली. हलकी म्हणजे तकलादू, असं आपल्याकडे पटकन म्हणतात. ते सरसकट खरं नाही. पण हेही सांगायला हवं की ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत या पिढीला 2018 मध्ये पाचपैकी दोन तारे मिळाले, आणि 2022 मध्ये नियम कडक झाल्यावर एकच. दोन एअरबॅग आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा.

चौथ्या पिढीत सहा एअरबॅग, घसरण आवरणारं ईएससी आणि चढावर गाडी मागे न येऊ देणारं हिल होल्ड, हे सगळं एलएक्सआयपासून आहे. रोज घाट उतरणाऱ्याला किंवा एक्स्प्रेसवेवरून जाणाऱ्याला नवी गाडी घ्यायचं हे एक कारण पुरेसं आहे. इंजिन मात्र बदललं. चारऐवजी तीन सिलिंडर आले, ताकद 90 पीएसवरून सुमारे 82 पीएसवर आली. सिग्नलला उभं असताना बारीक थरथर सीटमध्ये जाणवते. शहरात पिकअप चांगला आहे. हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करताना मात्र 2021 ते 2024 मधल्या तिसऱ्या पिढीचं चार सिलिंडरचं इंजिन जास्त मोकळं वाटतं.

ते 2021 साल लक्षात ठेवा. त्या फेब्रुवारीत तिसऱ्या पिढीला नवं ड्युअलजेट इंजिन बसलं, 83 पीएसचे 90 झाले, आणि एएमटी, म्हणजे क्लच-गियर आपोआप बदलणाऱ्या मॉडेलला हिल होल्ड मिळालं. माझ्या मते जुन्यात घ्यायची तर हीच स्विफ्ट घ्यावी. एक छोटी मेख आहे. या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन परत चालू होतं, त्यासाठी खास बनावटीची बॅटरी लागते. आधीच्या मालकाने पैसे वाचवायला साधी बॅटरी टाकली असेल तर ती लवकर बसते. इंजिन ऑइलही 0डब्ल्यू-16 या पातळ ग्रेडचं लागतं. गॅरेजमध्ये डब्यातून जे निघेल ते ओतून चालत नाही.

आता डिझेल. 'डिझेल स्विफ्ट' म्हटलं की अजूनही लोकांचे डोळे चमकतात. फियाटकडचं 1248 सीसीचं इंजिन, 75 पीएस ताकद, 190 न्यूटन मीटर टॉर्क, आणि कागदावर तिसऱ्या पिढीत लिटरला 28.4 किलोमीटर. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे प्रदूषणाचे कडक नियम आले आणि हे इंजिन बंद झालं. म्हणजे आज बाजारात असलेली सगळ्यात तरुण डिझेल स्विफ्टसुद्धा 2020 ची आहे. महिन्याला दोन हजार किलोमीटरच्या वर चालवणार असाल तरच तिचा विचार करा.

आणि विचार केलाच, तर सकाळी लवकर जा. विक्रेत्याला आधी सांगून ठेवा की गाडी चालू करू नका. बोनेटवर हात ठेवा. गरम लागला तर चहा घ्या आणि दोन-तीन तासांनी परत या. इंजिन थंड असताना चावी मारा आणि पहिले पाच सेकंद कान देऊन ऐका. साखळी खुळखुळल्यासारखा आवाज आला आणि मग थांबला, तर टायमिंग चेन सैल झालेली आहे. या इंजिनाच्या चेनचा ताण ऑइलच्या दाबावर राहतो. ऑइल जुनं झालं किंवा पातळी खाली गेली की टेन्शनर ढिला पडतो, चेन ताणली जाते, आणि एके दिवशी दात सोडून उडी मारते. मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, हेड खोलावं लागतं, आणि ते बिल ऐकून गाडी का घेतली असं होतं. त्यानंतर टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा रबरी पाइप काढून आत बोट फिरवा. किंचित तेलकटपणा चालतो; ऑइल साचलेलं असेल तर टर्बोचं सील गेलंय. एक्सलरेटर दाबल्यावर निळा धूर निघाला तर इंजिन ऑइल खातंय. काळा धूर आणि पिकअप कमी, असं असेल तर ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह काजळीने भरलाय किंवा इंजेक्टर बिघडलेत. ईजीआर साफ होतो. चार इंजेक्टर मात्र खिसा साफ करतात.

दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध असल्यामुळे तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवा एमएच नंबर हा खर्च धरल्यावर स्वस्ताई बरीचशी संपते.

एएमटी गाडी बघत असाल तर ती चढावर उभी करून बघा. चढावर ब्रेकऐवजी नुसत्या एक्सलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय आधीच्या मालकाला असेल, तर क्लच जळालेला असतो. पहिल्यावरून दुसऱ्या गियरला जाताना गाडी थरथरते, रिव्हर्सला झटका देते. मॅन्युअलची परीक्षा साधी आहे: सपाटीवर हँडब्रेक ओढा, तिसरा गियर टाका आणि क्लच सावकाश सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक. बंद न पडता फिरतच राहिलं, तर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट दोन्ही बदलायचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.

पेट्रोलवाल्यांसाठी एक मुद्दा इंधनाचा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल 2023 पासून बनलेल्या गाड्या त्यासाठी तयार आहेत. त्याआधीची गाडी लगेच बंद पडणार नाही, पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. दुसऱ्या पिढीची गाडी घेतलीत तर पेट्रोलचे रबरी पाइप, जोडाची वॉशर आणि फ्युएल फिल्टर पहिल्याच सर्व्हिसला बघून घ्या. बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर सर्व्हिसचीही वाट पाहू नका.

अ‍ॅव्हरेजसाठी नवी गाडी घेणाऱ्यांनी एक गणित करावं. समजा दुसऱ्या पिढीची गाडी शहरात लिटरला 14 देते आणि चौथ्या पिढीची 18. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले तर फरक येतो साधारण 158 लिटरचा. लिटर शंभर रुपये धरलं तर वर्षाचे 15,800. दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचं अंतर असेल, तर ते नुसत्या पेट्रोलवर भरून यायला एकोणीस वर्षं लागतील! नवी गाडी सुरक्षिततेसाठी घ्या, वॉरंटीसाठी घ्या. पेट्रोल वाचवायला घेऊ नका. नवीन घेताना आणखी एक. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर सेससकट 29 टक्क्यांवरून 18 वर आला. काही विक्रेते जुन्या गाडीचा भाव अजून आधीच्या शोरूम किमतीवरून सांगतात. आजच्या नव्या गाडीचं कोटेशन खिशात ठेवूनच भाव करायला बसा.

सीएनजी हवी असेल तर कंपनीची स्विफ्ट सीएनजी ऑगस्ट 2022 पासून मिळते. बाहेरून किट बसवलेली गाडी असेल तर आरसीवर सीएनजीची नोंद आहे का आणि सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झाली आहे का, हे बघा. नोंद नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते.

पिढी कुठलीही असो, पाण्यात बुडालेली आणि ठोकलेली गाडी ओळखता आली पाहिजे. 2019 आणि 2021 चे पूर आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीने, चिपळूणने पाहिलेत. मुंबईत तर पार्किंगमध्येच गाड्या बुडतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. खालच्या टोकाला मातीचा पट्टा दिसला की तिथून निघा. स्टेपनी उचलून खालचा खळगा बघा, सीटच्या खालचे बोल्ट गंजलेत का बघा. ठोकलेली ओळखायला दाराच्या चौकटीवरचं रबर हाताने ओढून थोडं सोडवा. आतल्या पत्र्यावर कारखान्यातल्या वेल्डिंगचे गोल ठसे सारख्या अंतरावर ओळीने दिसले पाहिजेत. ठसे पुट्टीने बुजलेले असतील, तर पिलर, म्हणजे दारालगतचा छत तोलणारा खांब सरळ केलाय. बंपर आणि दार रंगवलेलं चालतं, पिलर आणि पुढचा एप्रन, म्हणजे बोनेटखालचा चाकालगतचा पत्रा चालत नाही.

शेवटी कागद. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, हे पाहा. ई-चलन वेगळं तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 विक्रेत्याकडून घ्या. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसली आहे ना, तेही बघा. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या समोर घ्या. नो क्लेम बोनस विक्रेत्याचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज करा. आणि आरसी तुमच्या नावाने हातात येईपर्यंत ठरलेल्या रकमेतले दहा-वीस हजार मागे ठेवा, तसं व्यवहाराच्या कागदावर लिहून घ्या.