पुलावर जायची वाट

मंडळी, 2022 या एकाच सालातले दोन प्रसंग सांगतो. जानेवारीत इंग्लंडमधला बेनर्ली हा बंद पडलेला रेल्वेपूल लोकांना चालायला खुला झाला. नोव्हेंबरमध्ये आपण मुंबईत 27 तासांचा मेगाब्लॉक घेऊन 1868 सालचा कर्नाक पूल उतरवला. कर्नाक धोकादायक ठरला होता आणि त्याच्या खालून लोकल धावत होत्या. तो पाडला याबद्दल माझी तक्रार नाही. पण बेनर्ली वाचला कसा, ते मुंबईकरानं ऐकावं असं मला फार वाटतं.

नॉटिंगहॅमशायर आणि डर्बीशायरच्या सीमेवर एरेवॉश नदीचं खोरं आहे. सगळा भाग कोळशाच्या खाणींचा, जमीन कधी खचेल याचा भरवसा नाही. विटांच्या जड कमानी तिथे टिकल्या नसत्या. म्हणून 1877 मध्ये घडीव लोखंडाचा हलका, जाळीदार पूल उभारला. लांबी सुमारे 443 मीटर, उंची 18 मीटर. 1916 मध्ये झेपेलिन या जर्मन हवाई जहाजाचे बॉम्ब जवळ पडले, तरी तो उभाच राहिला. 1968 मध्ये गाड्या थांबल्या.

मग तो पाडायचं ठरलं, आणि तिथे लोखंडच आडवं आलं. आजचं पोलाद गॅस कटरनं सहज कापता येतं, घडीव लोखंड तसं कापता येत नाही. पत्रे जोडणारा एकेक रिव्हेट (लोखंडी खिळा) काढत पूल सोडवायचा म्हणजे खर्च डोईजड. शिवाय तो संरक्षित वास्तूंच्या यादीत होता, त्यामुळे पाडायची परवानगीही मिळाली नाही.

पण नुसता न पाडल्यानं पूल जगत नाही. दोन्ही टोकांचे मातीचे भराव आधीच काढून नेले होते. जवळपास अर्धा किलोमीटरचा पूल अधांतरी उभा, आणि वर चढायला वाट नाही! गावकरी पिढ्यान् पिढ्या तो खालूनच बघत राहिले. शेवटी त्याच गावकऱ्यांनी मंडळ काढलं, पुलाची मालकी असलेल्या धर्मादाय संस्थेला साथ दिली, पैसे उभे केले. 2020 मध्ये जागतिक वारसा जपणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या यादीत पुलाचं नाव आलं. डागडुजी झाली, चालायला नवा पृष्ठभाग बसला, वर जायची सोय झाली. मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही शेवटची गोष्ट. ज्या वास्तूवर माणसाचं पाऊल पडतं, तिच्यासाठी भांडायला माणूस उभा राहतो.

आता आपल्याकडे या. भोर घाटाचा रेल्वेमार्ग 1863 चा. खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. तिथे गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेनं पुढचा चढ चढायची. पुढे मार्ग बदलला आणि ती जागा मागे पडली. हा घाट कोरताना हजारो मजूर कॉलऱ्यानं आणि अपघातांत गेले. त्यांच्यासाठी तरी तिथे जायची एक नीट पायवाट हवी.

आपल्यापैकी कुणाचे आजोबा-पणजोबा घाटात गँगमन, फिटर, ड्रायव्हर असतील. घरात एखादा फोटो, बिल्ला, नोकरीचा कागद असेल, किंवा नुसती ऐकलेली आठवण असेल. मी दाराशी वही घेऊन बसतो आहे. जाताना तेवढं सांगून जा.