मित्राची पकड

श्रोतेहो, नमस्कार.

६ नोव्हेंबर १९५६. पॅरिसमध्ये फ्रान्सचे पंतप्रधान गी मोले पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनॉवर यांच्याशी बोलत बसले होते. तेवढ्यात लंडनहून ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांचा फोन आला. ब्रिटन सुएझची लढाई थांबवत होतं. इजिप्तने कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं म्हणून ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएलने मिळून हल्ला केला होता आणि फौजा अजून पुढे सरकत होत्या. रशियाने धमकी दिली होती, हे खरं. पण लंडनचा नाइलाज झाला तो अमेरिकेमुळे. पौंड सावरायला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा पैसा हवा होता आणि अमेरिकेची अट होती, आधी युद्धबंदी.

मित्रावर असा दबाव चालतो तरी कसा? याचं सोपं उत्तर वास्तववादी, म्हणजे देशांचं राजकारण सत्तेच्या आणि स्वार्थाच्या हिशेबाने पाहणारे अभ्यासक देतात: ज्याची गरज जास्त, तो वाकतो. पण गरज कशाची, हे राज्यशास्त्रज्ञ ग्लेन स्नायडर यांनी १९८४ मध्ये नेमकं मांडलं. युतीतल्या देशाला दोन भीती असतात. मित्र ऐनवेळी साथ सोडेल ही एक आणि तो आपल्याला त्याच्या भांडणात ओढेल ही दुसरी.

दक्षिण कोरिया पाहा. १९७१ मध्ये अमेरिकेने तिथून आपली एक डिव्हिजन काढून घेतली. उद्या उरलेलं सैन्यही गेलं तर? या धास्तीने राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी अणुबॉम्बची वाट धरली. बॉम्बसाठी लागणारं प्लुटोनियम वेगळं करणारा कारखाना फ्रान्सकडून घ्यायचं ठरलं. तेव्हा वॉशिंग्टनने बजावलं की हा सौदा केलात तर आपले सगळेच संबंध धोक्यात येतील. १९७६ च्या सुरुवातीला सोलने सौदा सोडला. ज्या भीतीपोटी बॉम्ब हवा होता, त्याच भीतीपोटी तो सोडावा लागला. मला तर या एका प्रसंगात अख्खा सिद्धांत दिसतो.

राज्यशास्त्रज्ञ डॅनियल ड्रेझनर यांनी १९९९ मध्ये आणखी एक धागा जोडला. शत्रूपुढे नमलो तर आजची सवलत उद्या आपल्यावरच उलटेल, म्हणून देश नुकसान सोसतात, पण वाकत नाहीत. मित्राबाबत ही शंका कमी असते. म्हणून मित्र लवकर ऐकतो, पुष्कळदा नुसत्या इशाऱ्यावर. निर्बंध लादायची वेळच येत नाही आणि बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. निर्बंधांच्या याद्या पाहून दबावाचा हिशेब मांडणारे इथेच चुकतात, असं माझं मत आहे.

पण हे सगळं विश्वासावर चालतं आणि दर वेळी तो थोडा खर्च होतो. सुएझनंतर ब्रिटनने ठरवलं, अमेरिकेशी पुन्हा फारकत नको. फ्रान्सने उलटा धडा घेतला. १९६० मध्ये स्वतःच्या अणुबॉम्बची चाचणी केली. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी नाटो या पाश्चात्त्य लष्करी युतीच्या एकत्रित लष्करी रचनेतून फ्रान्सला बाहेर काढलं आणि परक्या फौजांना देश सोडायला सांगितलं. पुढच्याच वर्षी नाटोचं मुख्यालय पॅरिसहून ब्रुसेल्सला हलवावं लागलं.