आमाच्या चुलीपाशी

हा धूर बघा. लेन्स पुसून पुसून दमले तरी फ्रेममधून जाईना, मग तसाच राहू दिला, कारण या घरात सकाळ अशीच होते. नेपाळमधल्या पोखरापासून वर डोंगरात एका गुरुंग जमातीच्या कुटुंबाचं घर, आणि मी बडोद्याच्या दांडिया बाजारातली, दोन महिने तिथल्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला व्हॉलंटियर म्हणून गेलेली.

ही आमा, म्हणजे आई. शेजारी बसलेत ते बा. आमच्या शेजारच्या गुजराती घरात बा म्हणजे आई नाहीतर आजी, त्यामुळे मिशीवाल्या आजोबांना बा म्हणताना पहिले चार दिवस जीभ अडायची. बा भारतीय सैन्यात गोरखा पलटणीत होते, पेन्शन अजून भारताचीच, ती आणायला पोखराला उतरतात, आणि हिंदी एकदम फाडफाड.

आता हा शॉट मी मुद्दाम कापला नाहीये. आमा कोदो म्हणाली तेव्हा मला आपल्या गुजरातेतली कोदरी वाटली, पण पीठ हातात घेतल्यावर कळलं, अरे ही तर नाचणी, नागली! लोखंडी कढईत पाणी खळखळ उकळलं की एका हाताने पीठ सोडत जायचं आणि दुसऱ्या हाताने लाकडी उलथन्याने घोटत राहायचं, आपण उकड घोटतो तसं पण कितीतरी घट्ट, शेवटी शेवटी तर खांद्यातून जोर लावावा लागतो. गुठळी राहिली की आमा बोलत नाही काही, उलथनं हातातून काढून घेते. हा ढिंडो. आणि अंगणात वाळतंय ते गुन्द्रुक, मोहरीचा, मुळ्याचा पाला कोमेजवून, दाबून, आंबवून मग उन्हात टाकलेला, त्याचा आंबट रस्सा करतात. ढिंडोचा घास तोडायचा, रश्शात बुडवायचा आणि चावत न बसता गिळायचा.

सकाळचं जेवण शाळेच्या आधी, दहाच्या आत. मी होते तेव्हा रविवारी शाळा असायची, सुट्टी शनिवारी. वाटेत भेटेल तो विचारतो, भात खायौ? आपलं जेवलीस का, तेच.

हे सगळं रांधणं, चूल, अंथरूण, माझ्या तापात रात्रभर जागणं, हे कुणाच्या हिशोबात आहे? मी ज्या संस्थेतून गेले तिला भरलेल्या पैशातले या घरी किती आले ते मी आमाला तिसऱ्या आठवड्यात विचारलं. ती बोटांवर मोजतेय तो हा शॉट.

दुसरी पद्धत नेपाळमध्येच आहे. स्यांग्जा जिल्ह्यातलं सिरुबारी १९९७ पासून गाव म्हणून पाहुणे घेतं, कोण कुणाच्या घरी उतरणार ते गावची समिती पाळीने ठरवते. म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, फॉर्म भरायच्या आधी विचार, घरी किती देणार, आणि उत्तर लेखी घे.

शाळेत मुलं टायपिंग शिकली, बंद पडलेले दोन कॉम्प्युटर चालू झाले, माझ्यानंतर अजून कोणी गेलेलं नाही.

हा निघायच्या दिवशीचा टीका, म्हणजे कपाळावरचा टिळा.

आणि हे आमचं बडोद्याचं स्वयंपाकघर. कढईत नागली, ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेला फोन, तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे त्यामुळे आमाचं जेवण उरकलंय. ढवळणाऱ्या माझ्या आईचा हात थांबला की फोनमधून आवाज येतो, अझै, अझै. अझै म्हणजे अजून, हे मला आईला सांगावं लागलं नाही.