मस्कत ते सूर: ओमानच्या किनाऱ्यावरचा एक दिवस

नमस्कार. मस्कतहून सूरला जाणारा सुमारे 200 किलोमीटरचा किनारी रस्ता एका दिवसात जाऊन-येऊन होतो. मात्र बहुतेक सहलींचा निम्मा वेळ बिम्माच्या निळ्या पाण्याच्या विवरात आणि वादी शाबच्या घळीत सरतो. दोन्ही ठिकाणे सुंदर आहेतच, परंतु ही गावे ज्या समुद्रावर जगली ते समजून घ्यायचे असेल, तर पहाटे निघा आणि दुपारनंतरचा सगळा वेळ सूरसाठी राखून ठेवा.

सूरच्या अलीकडे सुमारे 20 किलोमीटरवर कल्हात लागते. होर्मुझच्या राज्यातले हे मोठे बंदर 1508 मध्ये पोर्तुगीजांनी जाळले. 2018 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पडक्या भिंतींमध्ये आज नजरेत भरते ती कल्हातचा कारभार पाहणाऱ्या बीबी मरियमची कबर. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता सूरहून येथे पायी आला, तेव्हा त्याचे पाय सुजून गेले होते. तरीही त्याने आवर्जून लिहून ठेवले ते येथल्या माशाविषयी. झाडाच्या पानांवर भाजलेला तो मासा भातावर वाढत, आणि तो तांदूळ हिंदुस्थानातून येई. मासे-भातावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना कल्हात परके कसे वाटावे?

सूरमध्ये लाकडी गलबते बांधण्याची जागा अवश्य पाहा. या पद्धतीत फळ्यांचे कवच आधी उभे राहते आणि फासळ्या त्यानंतर बसतात. खिळा ठोकण्यापूर्वी त्याच्याभोवती तेलात भिजवलेला धागा गुंडाळतात, म्हणजे भोकातून पाणी झिरपत नाही. सागवान पूर्वापार मलबारहून येई. ईशान्य वाऱ्यावर ही गलबते आफ्रिकेला जात आणि आपल्याकडे पाऊस आणणाऱ्या नैर्ऋत्य वाऱ्यावर घरी परतत. 1951 मध्ये येथेच बांधलेले 'फतह अल-खैर' पुढे येमेनमध्ये गेले होते. सूरकरांनी 1993 मध्ये ते परत विकत आणले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याच्या नक्षीदार वरामाशी, म्हणजे मागच्या टोकाशी, निवांत उभे राहा.

शेवटी झुलता पूल ओलांडून अल-ऐजा या पांढऱ्या घरांच्या गावात जा. दीपगृहाजवळून खाडीचे मुख समोर दिसते आणि ओहोटी असेल, तर वाळूवर कललेल्या होड्यांचे तळही पाहता येतात.