सांध्याचं अस्तर बिघडतं तेव्हा

तर आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हटलं की लोकांच्या डोक्यात पहिल्यांदा हाडं येतात, माझ्याकडेही बरेच जण 'डॉक्टर, हाडं झिजली हो' असं म्हणतच आत येतात. झीज वेगळी. आमवाताची खोड हाडात नसते, ती अस्तरात असते. कोटाला आतून अस्तर लावतात ना, तसं सांध्याच्या पिशवीलाही आतून असतं, त्याला सायनोव्हियम म्हणतात. चांगल्या सांध्यात त्याची जाडी किती, तर पेशींचे एक ते तीन थर, बस्स.

हे अस्तर वंगण बनवतं. चांगल्या गुडघ्यातलं पाणी सुईच्या टोकावरून हळूच सोडलं तर ते एकतारी पाकासारखं लांबत जातं, तार धरतं. आमवाताच्या गुडघ्यातलं तसंच सोडा, टपटप पडतं, नळाच्या पाण्यासारखं, वर गढूळ. अस्तरात मुख्य दोन प्रकारच्या पेशी, एक केरकचरा गिळणाऱ्या मॅक्रोफेज आणि दुसऱ्या फायब्रोब्लास्ट, वंगणातलं हायलुरॉनिक ॲसिड आणि ल्युब्रिसिन या दुसऱ्या बनवतात. आजचा विषय त्याच.

आमवातात हे एक ते तीन थर वाढून दहा-पंधरा होतात. बोटांच्या मुळाशी मी दोन्ही अंगठ्यांनी दाबते तेव्हा जे भिजवलेल्या कणकेसारखं मऊ लागतं ना, ते हेच फुगलेलं अस्तर (झिजेची गाठ टणक लागते, हातालाच कळतं). मग ते कडेकडेने कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणावर, चढतं आणि या फायब्रोब्लास्ट पेशी असे एन्झाइम सोडतात की कूर्चाच विरघळायला लागते.

बरीच वर्षं समज असा होता की या पेशी बिचाऱ्या हुकमाच्या ताबेदार आहेत, खरी दोषी आपली प्रतिकारशक्ती, ती ओरडते म्हणून या बिघडतात. ते अर्धं खरं आहे. पण नव्वदच्या दशकात एक प्रयोग झाला, ज्यांच्या अंगात प्रतिकारशक्तीच्या टी आणि बी पेशीच नाहीत अशा उंदरांत आमवाताच्या माणसाच्या या पेशी आणि शेजारी माणसाच्याच चांगल्या कूर्चेचा तुकडा ठेवला, आता ओरडणारं तिथे कोणी नाही तरी पेशी कूर्चेत घुसल्याच! पुढे २००९ मध्ये तर दिसलं की एका बाजूला ठेवलेल्या पेशी रक्तातून प्रवास करून दुसऱ्या बाजूच्या कूर्चेपर्यंत पोचल्या. म्हणजे सवय लागलेली. डीएनए तेच, पण त्यावरच्या रासायनिक खुणा बदललेल्या, आणि प्रयोगशाळेत पिढ्या न् पिढ्या वाढवल्या तरी आडमुठेपणा जात नाही.

२०१९ मध्ये आणखी एक गंमत कळली, तीही उंदरांतच. या सगळ्या फायब्रोब्लास्ट एकसारख्या नाहीत. खालच्या थरातल्या सूज पेटवतात, अगदी वरच्या अस्तरातल्या हाड आणि कूर्चा खातात, सुजेशी त्यांचं फारसं देणंघेणं नाही. सूज उतरल्यावर काही पेशंट मनानेच औषध सोडतात, तेव्हा मी चिडते ती म्हणूनच, वरून शांत दिसलं तरी आत खाणं चालू असू शकतं.

आपली औषधं, मेथोट्रेक्सेट (आठवड्यातून एकदाच हं, रोज नाही, ही चूक जिवावर बेतते), टीएनएफ (सूज पेटवणारं एक प्रथिन) रोखणारी इंजेक्शनं, ही मुख्यतः प्रतिकारशक्तीचा आवाज कमी करतात आणि पुष्कळांना छान गुण येतो. पण खास या पेशींवरचं औषध अजून रोजच्या वापरात नाही. अडचण अशी की फायब्रोब्लास्ट अंगभर असतात, जखम भरून येते ती त्यांच्याच जोरावर, सरसकट मारायच्या कशा?

मागून कोणीतरी विचारतंय, अस्तरच कापून काढलं तर? काढतात की, दुर्बिणीने काढतात, काही काळ बरंही वाटतं. पण ते पुन्हा उगवतं, आणि आमवात आटोक्यात नसेल तर नवं अस्तरही परत फुगतं.