पिल्लांच्या खाद्यात कोणतं तेल?

श्रोते बंधू-भगिनींनो, नमस्कार.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे बंदिस्त वराहपालन करणारी मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास विचारतात. आईपासून तोडलेली पिल्लं खंगतात, त्यांच्या खाद्यात तेल घालावं का, आणि घालायचं तर कोणतं? शेंगदाणा, सरकी, सोयाबीन, करडई ही तेलं खान्देशाला नवी नाहीत. आज त्यांच्याविषयीच बोलतो.

आधी पिल्लाचं पोट समजून घेऊ. डुकरिणीच्या दुधात ७ ते ८ टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधाच्या जवळपास दुप्पट. पिल्लू तो जवळजवळ सगळा पचवतं. मग एके दिवशी आपण दूध तोडतो आणि पुढ्यात मक्याचा भरडा नि सोयाबीनची पेंड टाकतो. दुधातली चरबी अगदी बारीक थेंबांची असते, भरड्यावर ओतलेलं तेल तसं नसतं. त्यातच चरबी फोडणारा लायपेज नावाचा पाचकरस दूध तुटल्यावर काही दिवस मंदावतो. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत दिलेलं तेल पुरतं अंगी लागत नाही. पुढे ते दर आठवड्याला अधिक पचत जातं. तेव्हा कोणतं तेल याच्याआधी पिल्लाचं दूध तुटून किती दिवस झाले, ते बघा.

त्या पहिल्या दोन आठवड्यांत खोबरेल उजवं ठरतं. त्यातली निम्मी चरबी लॉरिक आम्लाची. तिच्या रेणूंची साखळी आखूड असल्यामुळे ती लवकर फुटते आणि लवकर वापरात येते. खोबरेल महाग आहे हे मला मान्य आहे. पण पिल्लं या वयात खातात ते थोडंच, तेव्हा १०० किलो खाद्यात १ किलो घातलं तरी पुष्कळ. थंडीत ते डब्यातच गोठतं, सातपुड्याच्या पायथ्याला तर नक्कीच, म्हणून कोमट करून मिसळा.

त्यानंतर सोयाबीनचं रिफाइंड तेल २ ते ३ टक्के द्यावं. पातळ तेलं कोवळ्या पोटाला घट्ट चरबीपेक्षा चांगली पचतात. त्यामुळे सूर्यफूल, करडई किंवा मक्याचं तेल स्वस्त मिळालं तर तेही चालेल. पामतेल मात्र या वयात मागे पडतं. १०० किलो खाद्यात ३ किलो मका काढून ३ किलो तेल घातलं, तर प्रत्येक किलो खाद्यामागे सुमारे १५० किलोकॅलरी ऊर्जा वाढते. शिवाय भरड्याची धूळ बसते, पिल्लं शिंकत नाहीत. एक सांभाळा: ऊर्जा वाढली की पिल्लू खाद्य कमी खातं, म्हणून प्रथिनं आणि त्यांतलं लायसीन नावाचं अमिनो आम्लही त्या प्रमाणात वाढवावं लागतं. नाहीतर चरबी चढते आणि मांस मागे राहतं.

आता सरकी. कपाशीच्या या मुलखात हा प्रश्न येणारच. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं आणि डुकराला ते गाई-म्हशींपेक्षा फार लवकर बाधतं. शुद्ध केलेल्या तेलातून ते निघून जातं, ते तेल वापरता येतं. जिनिंगजवळच्या घाणीवरचं काळपट कच्चं तेल मात्र पिल्लांना देऊ नका. गाईला चालते म्हणून सरकीची ढेपही पिल्लांपुढे टाकू नका. शेंगदाण्याचं घाणीचं तेल चांगलं, पण शेंगा बुरशीच्या नव्हत्या याची खात्री हवी, कारण न गाळलेल्या तेलात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष उतरू शकतं.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. मे महिना होता, पत्र्याच्या शेडमध्ये तेलाचा डबा अर्धा उघडा राहिला. पंधरा दिवसांनी वास आला, तरी 'जनावराला काय कळतंय' म्हणत मी तेच तेल मिसळलं. पिल्लांनी गव्हाणीत तोंड घातलं आणि काढून घेतलं. खवट तेल त्यांना आपल्याआधी कळतं. खवटपणाने खाद्यातलं ई जीवनसत्त्व जळतं, आणि ते कमी पडलं की जोमाने वाढणारं पिल्लू हृदय निकामी होऊन अचानक मरतं. भुसावळचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. उन्हाळ्यात तेल मिसळलेलं खाद्य आठवड्यापुरतंच बनवा, डबा सावलीत झाकून ठेवा, आणि पातळ तेल देताना ई जीवनसत्त्व व सेलेनियम हे खनिज असलेलं मिश्रण पशुवैद्यकांना विचारून घाला. हॉटेलातलं तळून काळं झालेलं तेल फुकट मिळालं तरी घेऊ नका.

मिसळताना तेल थेट ढिगावर ओतू नका. आधी चार-पाच किलो भरड्यात हाताने चोळा, गोळे फोडा, मग सगळ्यात कालवा. दूध तोडाल त्या दिवशी प्रत्येक पिल्लाचं वजन वहीत लिहा, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा करा. शक्य असेल तर शेडमधल्या एका कप्प्याला तेल द्या, शेजारच्याला देऊ नका. तुमच्या शेडमध्ये, आजच्या तेलाच्या भावात ते परवडतं की नाही, हे त्या वहीतच सापडेल.

नमस्कार.