सोमेश्वरच्या कातळावर क्रॉलर: पाणी, कळंक आणि कोटिंग

[दृश्य: सोमेश्वर धबधब्याखालचा उघडा कातळ, पाणी उतरलेलं]

गंगापूर धरणातून विसर्ग नसतो, तेव्हा सोमेश्वरला गोदावरीचा काळा बेसॉल्ट उघडा पडतो. खाचा, रांजणखळगे, शेवाळलेल्या कडा. एकदशांश मापाच्या आरसी क्रॉलरला, म्हणजे खडकांवर हळूहळू चढणाऱ्या रिमोटच्या गाडीला, याहून चांगली वाट नाशकात शोधूनही मिळणार नाही. फक्त इथे दर दहा पावलांवर पाणी आहे.

पाणी आत शिरलं की गाडी लगेच बंद पडतेच असं नाही. नदीच्या पाण्यात क्षार असतात. बॅटरी जोडलेली असताना शेजारच्या दोन पिनांमध्ये ते पाणी साचलं, की त्यातून विजेची गळती सुरू होते आणि तांबं झिजू लागतं. चार दिवसांनी रिसीव्हर, म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग, उघडला तर पिनांच्या मुळाशी हिरवा कळंक दिसतो. गाडी नंतर घरात, कोरड्यात बंद पडते, ती यामुळे.

[दृश्य: रिसीव्हरची डबी, क्लोजअप]

बहुतेकांचा भरवसा रिसीव्हर ठेवायच्या या बंद डबीवर असतो. ट्रॅक्सासच्या टीआरएक्स-४ क्रॉलरमध्ये ती कंपनीकडूनच येते. वायरी बाहेर पडतात तिथे फोम आणि सिलिकॉन ग्रीस, झाकणाला सील. डबी हवीच, पण तिच्या आतली हवा विसरू नका. उन्हात चालून ही हवा ४५ अंशांवर गेली आणि गाडी २५ अंशांच्या डोहात उतरली, की आतला दाब सुमारे ६ टक्क्यांनी घटतो. ही ओढ ६० सेंटीमीटर खोल पाण्याच्या दाबाइतकी असते. म्हणजे गाडी वीतभर पाण्यात असली, तरी सीलवर त्याच्या कितीतरी पट ताण येतो. वायरींच्या फटीतून थेंब आत ओढला जातो आणि डबी बंद असल्यामुळे तो बाहेरही पडत नाही. म्हणून खरं संरक्षण थेट बोर्डावर हवं.

[दृश्य: बोर्डावर ब्रश फिरतो आहे]

त्यासाठी सिलिकॉनचं कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे बोर्डाला चिकटून बसणारा पातळ संरक्षक थर, घ्या. हार्डवेअरच्या दुकानातलं आंबट वासाचं सिलिकॉन अजिबात नको. सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि तेच तांबं खातं. रिसीव्हरचं कव्हर काढा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने बोर्ड पुसा. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा हेअर ड्रायरच्या कोमट झोतात तो आधी नीट वाळवा. ओल कोटिंगखाली अडकली तर काम वाया गेलं. पिना आणि बाइंडचं (रिमोटशी जोडणी करायचं) बटण टेपने झाका. मग दोन्ही बाजूंना दोन पातळ हात द्या. जाड थर वरून सुकतो, आत चिकट राहतो.

आता खोली अंधारी करून यूव्ही टॉर्च मारा. बहुतेक कोटिंग निळसर चमकतं. चमकत नाही ती जागा उघडी. ती बहुधा सोल्डरच्या टोकांवर आणि चिपच्या कडांवर सापडते, कारण ओलं कोटिंग धारदार कडेवरून मागे ओढलं जातं. तिथे तिसरा हात द्या.

मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी वॉटरप्रूफ लिहिलेला असेल तर उघडू नका. नसेल तर हीच पद्धत, पण हीटसिंक टेकतो तिथे कोटिंग नको, नाहीतर उष्णता बाहेर जाणार नाही.

चाकं वळवणाऱ्या सर्व्होत मात्र हात आवरता घ्या. बोर्डाला कोटिंग, पण शाफ्ट किती फिरला ते मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरमध्ये एक थेंबही जाता कामा नये. गेला, तर चाकं उभ्या गाडीतही थरथरत राहतात. वरच्या शाफ्टला मापाची ओ-रिंग, गिअरमध्ये वॉटरप्रूफ ग्रीस, केसच्या सांध्यांना आणि वायर बाहेर पडते तिथे न्यूट्रल, म्हणजे आंबट वास नसलेलं, सिलिकॉन.

ब्रश मोटर थोडा वेळ पाण्यात चालते. तिला मारतो तो गाळ.

लायपो बॅटरीचे सेल बंद पाकिटात असतात. उघड्या राहतात त्या बॅलन्स प्लगच्या, म्हणजे चार्जिंगच्या वेळी सेल समान ठेवणाऱ्या छोट्या प्लगच्या, पिना. तिथे डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा आणि प्लग वर बांधा. फुगलेली बॅटरी वापरूच नका.

रिसीव्हरच्या अँटेनाचं उघडं टोक, साधारण ३१ मिलिमीटर, नळीतून उभं वर न्या. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात वितभरही टिकत नाही. टोक बुडालं की सिग्नल तुटतो. तेव्हा मोटर थांबेल असा फेलसेफ लावलेला असावा.

[दृश्य: बादली, पाण्यात दाबून धरलेली डबी]

नदीवर जाण्याआधी रिकाम्या डबीत कोरडा टिश्यू पेपर ठेवा. ड्रायरने डबी गरम करा आणि गार पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवून धरा. कागदावर डाग ज्या बाजूला, गळती त्या बाजूला.

आणि जागा निवडताना भान ठेवा. रामकुंडात भाविक स्नान करतात, तिथे गाडी उतरवायची नाही. पावसाळ्यात विसर्गाची बातमी असेल तर पात्रातच उतरू नका. पुरात रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपर्यंत चढणारं पाणी सोमेश्वरच्या याच कातळावरून जातं.

[दृश्य: घरी, उलटी ठेवलेली गाडी]

घरी आल्यावर पहिल्यांदा बॅटरी काढा. मोटर स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवा, बुशिंगला तेलाचा थेंब द्या. रिसीव्हरची डबी उघडून रात्रभर पंख्याखाली ठेवा. टायरमधला फोम पिळून घ्या. ॲक्सलचं झाकण काढून ग्रीस बघा. ते दुधाळ झालं असेल तर पाणी मिसळलंय. सगळं पुसून काढा, बेअरिंग तपासा, नवं भरा. जुनं ग्रीस कागदात गुंडाळून कचऱ्यात, मोरीत नाही.